अर्जंट आहे, कुणी सांगेल का?

‘मराठी फाइल उघडली की नुसते चौकोन दिसतात. उद्या छपाईला द्यायची आहे. अर्जंट आहे, कुणी सांगेल का?’

प्रश्न एवढाच. संगणक कोणता, फाइल कुठून आली, कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडली, यातलं काही लिहिलेलं नसतं. तरी रात्री उशिरा कुणीतरी तो वाचतं आणि खाली लिहितं: ‘फाइल कशात टाइप केली होती? खरोखर चौकोन दिसतात, की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसते? जमलं तर स्क्रीनशॉट टाका.’ विचारणारा घाईत असतो. हे उलटे प्रश्न त्याला वेळकाढूपणा वाटतात. पण सगळं उत्तर त्या फरकात असतं. चौकोन दिसत असतील, तर बहुतेक वेळा मजकूर युनिकोडमधला आहे आणि शाबूत आहे; निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, एवढंच. फाँट बदलला की काम झालं. सरमिसळ दिसत असेल, तर मजकूर बहुधा श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप झालेला आहे. संगणकाच्या लेखी ती मराठी नाहीच. ती इंग्रजीची अक्षरं आणि चिन्हं आहेत, आणि त्या विशिष्ट फाँटनं त्यांना मराठी आकार चढवले होते. मग तोच फाँट मिळवायचा, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि रफार, वेलांट्या, जोडाक्षरं पुन्हा डोळ्यांखालून घालायची. पहिल्या प्रकारात दोन मिनिटं लागतात, दुसऱ्यात अख्खी रात्र जाऊ शकते.

हे सांगणाऱ्याला कुणी पगार देत नाही. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे, तिचा तो नोकर नसतो. विचारणाऱ्याला तो ओळखत नाही, पुढे ओळख होण्याचीही शक्यता नसते. बऱ्याचदा ‘झालं’ एवढा निरोपसुद्धा परत येत नाही. असं असून जगभरातल्या सॉफ्टवेअर-मदतीचा मोठा भार अशाच माणसांनी उचललेला आहे. फायरफॉक्स ब्राउझर घ्या, लिब्रेऑफिस घ्या, गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलच्या वापरकर्त्यांचे मदतमंच घ्या. प्रश्नाखाली दिसणारं उत्तर अनेकदा एखाद्या निवृत्त शिक्षकाचं, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचं, नाहीतर दिवसभर स्वतःची नोकरी करून घरी आलेल्या माणसाचं असतं. मराठी टंकन आणि मुक्त सॉफ्टवेअर यांच्यापुरतं हे काम मीही करत आलो आहे. मी त्याला सार्वजनिक काम मानतो. मराठीत ते फार थोडं होतं, आणि जे होतं तेही विरून जातं, याची मला मनापासून काळजी वाटते. हा लेख त्या काळजीतून लिहिला आहे.

ही रीत आजच्या इंटरनेटपेक्षा जुनी आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी यूझनेटची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते सुरू झालं. एका संगणकावरचा संदेश टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्याकडे जाई, तिथून तिसऱ्याकडे. वेगवेगळ्या विषयांच्या गटांत माणसं प्रश्न टाकत आणि ज्यांना ठाऊक असेल ते उत्तर देत. उत्तर यायला दिवस लागत, पण ते सगळ्यांसमोर येई आणि ज्याला वाचायचं त्याला वाचता येई. तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले म्हणून त्यांची उत्तरं एकत्र करून ठराविक दिवसांनी पुन्हा टाकण्याची सवयही तिथंच रुळली. बँकेच्या ॲपपासून वीजबिलाच्या संकेतस्थळापर्यंत आज दिसणारा ‘एफएक्यू’ त्याच वळणाचा आहे.

माणसं हे का करतात, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला. करीम लखानी आणि एरिक फॉन हिपेल या एमआयटीतल्या दोघांनी अपाचे या वेब-सर्व्हर सॉफ्टवेअरच्या यूझनेट गटाचा अभ्यास केला आणि २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं ते मोठं मार्मिक आहे. उत्तर देणारी माणसं आपला बहुतेक वेळ उत्तरं लिहिण्यात घालवत नव्हती, ती इतरांचे प्रश्न आणि इतरांची उत्तरं वाचत होती. वाचता वाचता एखादा प्रश्न असा लागे की त्याचं उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार असे. ते लिहायला काही मिनिटं पुरत. या अभ्यासकांच्या हिशेबानं उत्तर देणाऱ्यांच्या श्रमांपैकी ९८ टक्के श्रम त्यांच्या स्वतःच्या शिकण्याच्या कामी येत होते. माझा अनुभव याला पुरेपूर दुजोरा देतो. मला लिब्रेऑफिस जितकं येतं, त्यातलं फार थोडं मी माझ्या कामातून शिकलो. बाकीचं दुसऱ्यांच्या अडचणींनी शिकवलं, कारण एकट्या माणसाच्या आयुष्यात इतक्या तऱ्हेच्या अडचणी येतच नाहीत.

पण शिकणं हे सगळं उत्तर नव्हे. नव्वदच्या दशकात जे गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फॉक्सप्रो हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम शिकले, त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. त्याच फॉक्सप्रोसाठी अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह या सेवेवर प्रश्नोत्तरं चालत. तिथं कोण किती लिहितं याची एक यादी कॅल्विन हसिया नावाच्या प्रोग्रॅमरनं बनवली. ती ‘कॅल्विनची यादी’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि त्यातूनच मायक्रोसॉफ्टचा, अशा मदत करणाऱ्यांसाठीचा एमव्हीपी हा सन्मान १९९३ मध्ये सुरू झाला. आजही तो दिला जातो. लोकांना आपलं नाव कुठंतरी दिसावंसं वाटतं, कुणीतरी मोजावंसं वाटतं, यात कमीपणा काहीच नाही. गावच्या ग्रंथालयाला पुस्तकं देणाऱ्याचं नाव आतल्या पानावर शिक्क्याखाली लिहितात, ते योग्यच असतं.

आता खुद्द कामाबद्दल. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की या कामाला माहिती लागते. माहिती लागतेच, पण ती बरीचशी शोधून मिळते. शोधून मिळत नाही ती गोष्ट म्हणजे समोरच्याला नेमकं काय हवं आहे, हे काढून घेणं. चांगला डॉक्टर औषधाआधी रोग्याला बोलतं करतो, तसं इथं करावं लागतं. एक उदाहरण देतो, कारण ते अगदी आपल्या घरचं आहे. समजा कुणी विचारतं, ‘वर्डमध्ये मोठ्या पुस्तकातलं एक अक्षर सगळीकडे बदलायचंय, मॅक्रो कसा लिहायचा?’ मॅक्रो, म्हणजे ते काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, सांगता येतो. पण ‘कशासाठी बदलायचंय?’ असं विचारलं की खरी अडचण बाहेर येते: पुस्तकाची शब्दसूची करायची आहे, पण ‘ॲप’, ‘ॲड.’ असले शब्द शोधले की काही पानांवर सापडतात आणि काही पानांवर डोळ्यांना दिसत असूनही सापडत नाहीत.

यामागं आपल्या लिपीचा एक छोटा इतिहास आहे. ‘ॲ’ हे अक्षर मराठीला रोज लागतं, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र चढवत. काही ठिकाणी त्या चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ येई, म्हणून काहींनी मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालायला सुरुवात केली. परिणामी आज मराठी मजकुरात हा एकच स्वर तीन प्रकारे साठवलेला सापडतो. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला तिन्ही वेगळे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतल्या अर्ध्या ‘र’चंही तसंच. कुणी ‘ऱ’ वापरून तो काढतं, कुणी साध्या ‘र’नंतर ते न दिसणारं चिन्ह घालून. एका लेखकानं एक पद्धत वापरली, मुद्रितशोधकानं दुसरी, की त्याच पुस्तकाची सूची अर्धीमुर्धी निघते. विचारणाऱ्याला मॅक्रो नको होता. मजकूर आधी एका पद्धतीत आणायचा आणि मग सूची करायची, हे त्याला कळायला हवं होतं. इंटरनेटवर जुनी माणसं अशा प्रश्नाला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात: माणूस आपली अडचण विचारत नाही, अडचणीवर त्यानं स्वतःच शोधलेल्या उपायाबद्दल विचारतो. मराठीत असे प्रश्न फार येतात, कारण आपल्याकडे प्रत्येकानं आपापला उपाय एकट्यानं शोधलेला असतो.

दिवाळी अंकांच्या हंगामात तर मराठी टंकनाच्या प्रश्नांना भरती येते. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत डीटीपी करणारी पोरं रात्र रात्र जागत असतात. लेखक मजकूर पाठवतात तो मोबाइलवर टाइप केलेला, म्हणजे युनिकोडमध्ये. छापखान्यात मात्र कुठं कुठं अजून पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर चालू असतं. पेजमेकरची शेवटची सातवी आवृत्ती आली २००१ मध्ये, आणि तिला युनिकोड देवनागरी कळत नाही. म्हणून युनिकोडमधला मजकूर उलटा जुन्या फाँटमध्ये बदलायचा, त्यात मोडलेली अक्षरं हातानं दुरुस्त करायची, हा उद्योग आजही चालतो. जे त्यानंतरच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरवर आले, त्यांचा प्रश्न वेगळा: ‘सर, सगळी जोडाक्षरं तुटतायत, वेलांटी अक्षराच्या नंतर येतेय.’ याचं उत्तर एका ओळीचं आहे. परिच्छेदाच्या पॅनेलमधल्या मेन्यूत जाऊन ‘वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर’ निवडा. भारतीय लिप्या नीट जुळवण्याची ही सोय इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सीएस-सिक्स आवृत्तीपासून आहे. ही एक ओळ ठाऊक नसल्यामुळे अंकच्या अंक जुन्या फाँटमध्ये छापले गेले आहेत, आणि त्यातला मजकूर आज शोधता येत नाही, वाचकांच्या फोनवर उघडत नाही. मराठी नियतकालिकांचा केवढा तरी अलीकडचा ऐवज यामुळे संगणकाच्या दृष्टीनं मुका होऊन पडला आहे. हे मला फार लागतं.

असाच दुसरा नेहमीचा प्रश्न गणेश मंडळांचा, सोसायट्यांचा आणि शाळांचा. गूगल फॉर्मवर लोकांची नावं मराठीत भरून घेतली, यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवली, एक्सेलमध्ये उघडली, आणि नावांच्या जागी परदेशी स्वरचिन्हांचा कचरा. अनेकांना वाटतं की माहिती गेली, आणि मग मंडळाची पोरं तीच नावं पुन्हा हातानं भरत बसतात. माहिती कुठंही गेलेली नसते. युटीएफ-८ या पद्धतीत आपलं एकेक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेतं. एक्सेलनं फाइल जुन्या पाश्चात्त्य पद्धतीची समजून त्या तिन्ही बाइटांची तीन वेगळी चिन्हं दाखवलेली असतात. फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडू नका. एक्सेलमध्ये रिकामं पान उघडा, ‘डेटा’मध्ये जा, ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि ‘फाइल ओरिजिन’ या चौकटीत ६५००१ म्हणजे युनिकोड युटीएफ-८ निवडा. नावं जशीच्या तशी दिसतात. हे उत्तर मी किती वेळा लिहिलं असेल, पण कंटाळा येत नाही, कारण दर वेळी ते वाचणारा नवा असतो आणि त्याची ती यादी त्याच्यासाठी तितकीच महत्त्वाची असते.

इथं जुन्या जाणत्यांशी माझा एक मतभेद आहे. एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी २००१ मध्ये प्रश्न कसे विचारावेत यावर एक मार्गदर्शिका लिहिली. जगभरच्या तांत्रिक गटांत ती पाठ्यपुस्तकासारखी वापरली गेली. आधी स्वतः शोधा, नेमकं लिहा, शीर्षकात ‘अर्जंट’ लिहू नका, असं तिचं सांगणं. त्यातलं पुष्कळसं बरोबर आहे. त्याआधी १९९९ मध्ये सायमन टॅथम या प्रोग्रॅमरनं बिघाड कसा कळवावा यावर लिहिलेला निबंध तर मी प्रत्येकाला वाचायला सांगेन. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहिलं तरी निम्मं काम होतं. पण रेमंड-मोएन यांची मार्गदर्शिका नवख्या माणसाच्या अंगावर फेकण्याची जी सवय लागली, तिनं नुकसान केलं. ती प्रोग्रॅमर लोकांनी प्रोग्रॅमर लोकांसाठी लिहिली होती. पन्नाशीत पहिल्यांदा लॅपटॉप घेतलेल्या अंगणवाडी सेविकेला ‘आधी शोधा’ म्हणून सांगणं म्हणजे तिला दारातून परत पाठवणं आहे. काय शोधायचं त्याचा शब्दच तिच्याकडे नसतो. तो शब्द तिला देणं हेच आपलं काम. आणि ती ‘अर्जंट’ लिहिते, कारण तिच्यासाठी ते खरंच अर्जंट असतं: अहवाल संध्याकाळपर्यंत वर पाठवायचा असतो.

या कामातला सगळ्यात कठीण भाग म्हणजे ‘नाही’ सांगणं. ‘जुना नंबर बंद झाला, पासवर्ड आठवत नाही, खात्यात वडिलांचे सगळे फोटो आहेत, वडील गेल्या वर्षी गेले. काहीतरी करा.’ अशा प्रश्नापुढं बसलेल्या स्वयंसेवकाच्या हातात काही नसतं. गूगलच्या मंचावर उत्तरं देणाऱ्या जाणत्यांना ‘प्रॉडक्ट एक्स्पर्ट’ म्हणतात. विचारणाऱ्याला वाटतं, हा कंपनीचा माणूस आहे, याच्याकडे किल्ली आहे. किल्ली नसते. खातं परत मिळवण्याची अधिकृत पायरी कोणती, नेहमीच्या जागेवरून आणि नेहमी वापरल्या जाणाऱ्या फोनवरून प्रयत्न केला तर यश येण्याची शक्यता का वाढते, एवढंच सांगता येतं. त्यानंही झालं नाही, तर स्पष्ट सांगावं लागतं. खोटी आशा दाखवणारा माणूस इथं नको. ‘घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर, व्हॉट्सॲपवर पाठवलेले, ते फोटो असतील का ते पाहा’ असं सुचवता येतं, आणि काही वेळा त्यातून खरंच काहीतरी हाती लागतं. लोक रागावतात, कंपनीवरचा राग आपल्यावर काढतात. तो राग अंगाला लावून घ्यायचा नाही, पण त्यांच्या दुःखाची चेष्टाही करायची नाही.

अशाच प्रश्नांखाली लांडगे फिरत असतात. ‘या कस्टमर केअर नंबरवर फोन करा, लगेच काम होईल’ अशी उत्तरं टाकली जातात. नंबर ठकांचा असतो. फोन लावला की स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगतात, मग ओटीपी, मग खातं रिकामं. अशी उत्तरं दिसताक्षणी काढून टाकणं किंवा ती काढणाऱ्यांना कळवणं हेही स्वयंसेवकाचं काम आहे, आणि माझ्या मते उत्तर लिहिण्याइतकंच मोलाचं. घाबरलेल्या माणसानं स्क्रीनशॉटमध्ये आधार क्रमांक, फोन नंबर, बँकेचा तपशील उघडा टाकलेला असतो. आधी तो काढायला लावायचा, मग उत्तराकडे वळायचं. खरा मदतनीस ओटीपी मागत नाही, पासवर्ड मागत नाही, तुमच्या संगणकाचा ताबा मागत नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवायचं. हा क्रमांक घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये आजच साठवून ठेवा.

हे सगळं फुकट करणाऱ्या माणसांचं कंपन्यांशी नातं काय असावं, यावर एकदा न्यायालयापर्यंत वाद गेला. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एओएल या इंटरनेट कंपनीनं ‘कम्युनिटी लीडर’ नावाचे स्वयंसेवक नेमले होते. त्यांची संख्या एका टप्प्यावर १४ हजारांच्या घरात गेली. ते नवख्यांना मदत करत, गप्पांच्या खोल्यांवर लक्ष ठेवत. बदल्यात त्यांना जोडणी फुकट किंवा सवलतीत मिळे. पण त्यांना पाळ्या लावलेल्या होत्या, आठवड्याचे किमान तास ठरलेले होते, प्रशिक्षण होतं, अहवाल द्यावे लागत. १९९९ मध्ये त्यांच्यापैकी काही जण न्यायालयात गेले: आम्ही करतो ती नोकरीच आहे, मग पगार का नाही? कार्यक्रम २००५ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. माझ्या मते त्या माणसांचं म्हणणं बरोबर होतं. हजेरी आणि पाळी आली की ते स्वयंसेवेचं काम उरत नाही. आपल्या वेळेला, आपल्या मर्जीनं, आपल्याला येतं तेवढं सांगायचं आणि नको वाटलं की थांबायचं, ही मोकळीक असेल तोवरच ते दान असतं. जो कुणी या कामात नव्यानं येतो, त्याला मी हेच सांगतो. दिवसाला एकच प्रश्न घ्या, पण तो पूर्ण करा.

याच्या दुसऱ्या टोकाला असा प्रसंग येतो की स्वयंसेवकांशिवाय चालूच शकत नाही. ४ मे २०१९ रोजी फायरफॉक्सच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या वापरकर्त्यांची ॲड-ऑन म्हणजे जोडीची साधनं एकाएकी बंद पडली. जाहिराती अडवणारी, पासवर्ड सांभाळणारी, भाषांतर करणारी, सगळी. शनिवार होता. लोकांना वाटलं आपलाच संगणक बिघडला. अनेकांनी साधनं काढून पुन्हा घालण्याचा प्रयत्न केला, आणि त्यात साठवलेल्या सेटिंग्ज गमावण्याचा धोका होता. ‘काहीही काढू नका, थांबा, दुरुस्ती येते आहे’ एवढं एक वाक्य त्या वेळी लाखमोलाचं होतं. दुरुस्त आवृत्ती दुसऱ्या दिवशी, ५ मे रोजी आली. मधल्या काळात ते वाक्य वेगवेगळ्या भाषांत, घाबरलेल्या माणसाला कळेल अशा शब्दांत सांगणारे लोक लागतात, आणि असे लोक एका दिवसात उभे करता येत नाहीत. ते आधीपासून तिथं असावे लागतात.

म्हणूनच फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडून २०२५ मध्ये आलेली बातमी वाचून वाईट वाटलं. फायरफॉक्सचे मदत-लेख जपानीत आणण्याचं काम जपानी स्वयंसेवक वर्षानुवर्षं करत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या जपानी लेखांवर ‘सुमोबॉट’ हे यांत्रिक भाषांतराचं साधन चालवलं गेलं. तिथल्या समुदायाच्या प्रमुखानं, वीस वर्षांहून अधिक काळ हे काम केल्यानंतर, नोव्हेंबरमध्ये आपण थांबत असल्याचं जाहीर केलं. न विचारता, जपानी लेखनाच्या ठरलेल्या वळणाकडे न पाहता, तीनशेहून अधिक लेख यंत्रानं बदलले, अशी त्यांची तक्रार होती. यंत्राला माझा विरोध नाही. पण ज्या माणसानं आपल्या भाषेतला शब्दन् शब्द तोलून लिहिला, त्याला न विचारता त्यावर बोळा फिरवणं मला अक्षम्य वाटतं.

आता कुणी म्हणेल, एआयला विचारलं की उत्तर मिळतं, मग माणसं कशाला? प्रश्न रास्त आहे. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर, जिथं जगभरचे प्रोग्रॅमर एकमेकांना उत्तरं देत, तिथं चॅटजीपीटी आल्यापासून नव्या प्रश्नांचा ओघ कमालीचा आटला आहे. लोक यंत्राला विचारतात, आणि सोप्या प्रश्नांवर यंत्र चांगलं सांगतं. पण यंत्राला ते कळलं कुठून? माणसांनी एकमेकांना उघडपणे दिलेल्या उत्तरांचा त्यात मोठा वाटा आहे. ज्या बिघाडाचं उत्तर अजून कुणी लिहिलेलंच नाही, तिथं यंत्र अनेकदा ठाम सुरात चुकीचं सांगतं. डिसेंबर २०२२ मध्येच स्टॅक ओव्हरफ्लोला यंत्रानं लिहिलेली उत्तरं टाकण्यावर बंदी घालावी लागली, कारण ती दिसायला नीटनेटकी आणि बऱ्याचदा चूक होती. मराठी टंकनाच्या बाबतीत तर हे पदोपदी दिसतं. जिथं लिहून ठेवलेलं कमी, तिथं यंत्राची समजही कमी.

आणि आपल्याकडे लिहून ठेवलेलं कमीच आहे. उत्तरं देणारे मराठीत नाहीत असं मुळीच नाही. प्रत्येक शाळेत एक मास्तर असतो, प्रत्येक कचेरीत एक लिपिक असतो, प्रत्येक कुटुंबात एक भाचा असतो, ज्याला सगळे विचारतात आणि जो कुरकूर न करता सांगतो. पण तो सांगतो फोनवर, नाहीतर व्हॉट्सॲपच्या गटात. दोन दिवसांत ते उत्तर शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडलं जातं आणि गटाबाहेरच्या माणसाला ते कधीच सापडत नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावातला दुसरा मास्तर तीच अडचण पुन्हा पहिल्यापासून सोडवतो. केवढी बुद्धी आणि केवढा चांगुलपणा असा वाया जातो आहे! इंग्रजीत हेच उत्तर एकदा उघड्यावर लिहिलं जातं आणि पुढची दहा वर्षं लोकांना सापडत राहतं.

मराठीत उघड्यावर लिहिण्याच्या जागा आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथली चावडी नवख्यांच्या प्रश्नांसाठी खुली आहे आणि तिथं उत्तर देणाऱ्यांची कायम गरज असते. फायरफॉक्स मराठीत उपलब्ध आहे, लिब्रेऑफिसही. त्यांचे मदत-लेख मराठीत आणायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. भाषा यावी लागते आणि धीर असावा लागतो. निवृत्त शिक्षक, मुद्रितशोधक, बँकेतून बाहेर पडलेली मंडळी, यांच्याकडे या दोन्ही गोष्टी तरुणांपेक्षा जास्त असतात असं मी पाहिलं आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. यापुढं तुमची एखादी अडचण सुटली, की ‘झालं, धन्यवाद’ एवढ्यावर थांबू नका. अडचण काय होती, कोणत्या आवृत्तीत होती आणि कशानं सुटली, हे चार ओळींत मराठीत, सगळ्यांना दिसेल अशा जागी, तारीख घालून लिहा. आणि कुणी मराठीत ‘अर्जंट आहे, कुणी सांगेल का?’ असं विचारलेलं दिसलं, तर तुम्हाला ठाऊक असेल ते सांगा.